सॅम्पल कशाचं?

गेल्या जुलैतल्या एका सकाळी उपाशीपोटी रक्तातील साखर तपासण्यासाठी मी गोरेगावला घराजवळच्या एका लॅबमध्ये बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. दाराशी बादलीत ठेवलेल्या छत्र्या निथळून पाण्याचा ओघळ बाकांपर्यंत आला होता आणि सगळ्यांनी पाय वर घेतले होते. तेवढ्यात तिशीच्या आतला एक तरुण आत आला. त्याने रेनकोट काढला नाही. उजवा हात रेनकोटाच्या आत घालून त्याने छातीच्या डाव्या बाजूला असा घट्ट दाबून धरला होता, की याला कळ तर आली नाही ना असे वाटून मी अर्धवट उठलोही. पण त्याने रुमालात गुंडाळलेली एक छोटी प्लास्टिकची डबी बाहेर काढली आणि काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा सरकवली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारले, “सॅम्पल कशाचं?”

“तेच,” तो म्हणाला.

“तेच म्हणजे? युरीन का?”

त्याने ओली झालेली चिठ्ठी पुढे केली. तिने ती वाचली आणि नेहमीच्याच आवाजात पुढचे प्रश्न विचारले, “अच्छा, सीमेन. गॅप किती दिवसांचा? आणि काढलं किती वाजता?” तिच्या बोलण्यात कुत्सितपणाचा लवलेशही नव्हता. ते प्रश्न तिला विचारावेच लागतात, कारण वीर्याची तपासणी करायची तर त्याआधी २ ते ७ दिवसांचे अंतर लागते, आणि घरून आणलेला नमुना तासाभराच्या आत, शरीराची ऊब न गमावता लॅबमध्ये पोहोचावा लागतो. तो हात छातीवर का होता, हे मला तेव्हा उमगले. तो तरुण मात्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. बाकांवरच्या दहा-अकरा माणसांनी एकाच क्षणी आपापले मोबाइल उघडले. त्यांतला एक मी होतो.

रक्त देऊन मी घरी आलो, पण त्याचा तो ‘तेच’ दिवसभर डोक्यातून गेला नाही.

खरे तर मला त्याच्याकडे पाहून नुसते हसता आले असते, ‘असू दे’ अशा अर्थाने मान हलवता आली असती. पंधरा वर्षांपूर्वी तशीच डबी शर्टाच्या खिशात घालून मीही एका काउंटरसमोर उभा राहिलो होतो. ही गोष्ट बाकावरच्या कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तरीही ती कळेल की काय या भीतीने मी मान खाली घातली. आपल्याकडे पुरुषाच्या त्या भागाला धड शब्दच नाही. आहेत ते शिव्यांमध्ये, नाहीतर जीवशास्त्राच्या पुस्तकात. गिरगावातल्या आमच्या चाळीत ‘गोट्या’ या शब्दावर निम्मे विनोद चालत, कारण तोच खेळही आम्ही दिवसभर खेळत असू. मोठी माणसे ‘नाजूक जागा’ म्हणत आणि आवाज खाली आणत. गंमत अशी की ‘मनोबलाचे खच्चीकरण’ हे शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात येतात, मंत्री भाषणात वापरतात, शाळेच्या मुख्याध्यापिकाही वापरतात. बैलाचे नेमके काय ठेचले की तो खच्ची होतो, याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. क्रियापद सभ्य झाले, ज्याच्यावर ती क्रिया होते तो अवयव मात्र अजून सभ्यतेच्या दाराबाहेर उभा आहे.

शब्द नसला तर काय होते, ते मी १९९१ साली पाहिले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. उन्हाळ्यात चाळीतली मुले गॅलरीत ओळीने पथाऱ्या टाकून झोपत. माझ्या शेजारी झोपणारा माझा मित्र एका रात्री मला हलवून उठवू लागला. अकरा वाजून गेले असावेत. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि कुजबुजत म्हणाला, “खाली दुखतंय. खूप.” मी झोपेत होतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला ‘खाली’ या शब्दाचे जे होते ते मला झाले; मी हसलो. “झोप रे, सकाळी जाईल,” म्हणालो आणि कूस बदलली. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली तेव्हा त्याची आई उठली. आईला त्याने ‘खाली’ असेही सांगितले नाही. ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगितले. तिने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, ओवा चावायला दिला, संध्याकाळी खाल्लेल्या भेळेला दोष दिला. रात्रभर तो भिंतीला टेकून बसून होता. सकाळी सात वाजता त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेले, तिथे एका तरुण डॉक्टरने चड्डी खाली करायला सांगितले, आणि त्यानंतर कोणी एकही मिनिट वाया घालवला नाही. पण तोवर उशीर झाला होता. वृषणाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांची दोरी स्वतःभोवती पिळली गेली होती. असा पीळ साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुधा वाचतो, त्यानंतर दर तासाला आशा कमी होत जाते. त्याचा डावा वृषण काळा पडला होता. तो काढावा लागला आणि उजवा तसाच पिळू नये म्हणून टाके घालून जागच्या जागी बांधावा लागला.

हा आजार बारा ते अठरा या वयात सर्वांत जास्त होतो, तो मार लागल्याशिवाय झोपेतही होतो, आणि त्यात ओटीपोटात दुखणे व उलटी होणे हे बरेचदा असते, हे मला फार पुढे वाचायला मिळाले. म्हणजे माझा मित्र आईशी पूर्ण खोटे बोलला नव्हता. त्याच्या पोटातही दुखत होतेच. त्याने फक्त अर्धे वाक्य गिळले होते. आज त्याला दोन मुली आहेत. एक वृषण चांगला असेल तर बाप होण्याला सहसा अडचण येत नाही. आम्ही वर्षातून दोनदा भेटतो, नेहमीच्या थट्टा होतात. त्या रात्रीबद्दल तो एकदाच बोलला, आणि तेही बोलणे म्हणता येणार नाही. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यात वाकून पाहत तो म्हणाला, “याला बोलायला शिकव लवकर.” सगळे हसले. मी हसलो नाही.

आता माझी गोष्ट. लग्नानंतर तीन वर्षे मूल झाले नाही, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. प्रयत्न करूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, आणि पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, तर दोघांनी तपासणी करून घ्यावी असे सांगतात. यातला ‘दोघांनी’ हा शब्द आमच्या घरात कोणी ऐकला नाही. पहिल्या डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्याच कागदावर, बायकोच्या तपासण्यांच्या यादीखाली, शेवटच्या ओळीत माझी एक तपासणी लिहिलेली होती. ती मी वाचली नव्हती असे नाही. ‘आधी तुझे रिपोर्ट येऊ देत’ असे म्हणून मी ती पुढे ढकलली, आणि मग दोन वर्षे पुढेच ढकलत राहिलो. त्या दोन वर्षांत तिने पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिले, स्त्रीबीज वाढते की नाही हे पाहण्यासाठी दर महिन्याला दिवसाआड सोनोग्राफी केली, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहण्यासाठी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला. त्या एक्स-रेच्या दिवशी ती दादरहून परतताना ट्रेनमध्ये खिडकीला डोके टेकून, ओठ दाबून बसली होती, आणि मी तिच्या समोर बसून पाण्याची बाटली पुढे करत होतो. पाण्याची बाटली धरण्याला मी तेव्हा सोबत समजत होतो. आईने सोळा सोमवार सुचवले. तेही तिनेच केले.

शेवटी दादरच्या एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी फाइल उघडली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाने उलटली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “यांचा रिपोर्ट कुठे आहे?” ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून, हे त्यांनी तेव्हा सांगितले. आणि ही तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि मुळीच न दुखणारी, म्हणून ती सर्वांत आधी करायची असते, हेही. बायको माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

लॅबमध्ये त्या कामासाठी एक खोली होती. कपाटाएवढी, एक खुर्ची, एक बेसिन, आतून कडी. भिंतीवर कुठल्याशा सहकारी पतपेढीचे देवाचे कॅलेंडर होते, आणि माझ्या आधी आलेल्या कोणीतरी ते भिंतीकडे तोंड करून उलटे टांगले होते. त्या अनोळखी माणसाबद्दल मला त्या क्षणी जे वाटले, ते प्रेमच म्हटले पाहिजे. बाहेर चपलांचे आवाज येत होते, कोणाचे तरी लहान मूल सुई टोचल्यावर भोकाड पसरून रडत होते. वीस मिनिटांनी मी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणालो, “घरून आणलं तर चालेल का?” तो म्हणाला, “चालेल, पण तासाच्या आत. आणि खिशात ठेवा, पिशवीत नको.” घर गोरेगावला, लॅब दादरला. रविवारी मेगाब्लॉकचा भरवसा नाही म्हणून शनिवारची पहाट निवडली. लोकलच्या दाराशी उभा राहून, खांद्याने गर्दी थोपवत, शर्टाच्या खिशावर तळहात ठेवून मी अंधेरी, वांद्रे, माहीम अशी एकेक स्टेशने मोजत गेलो. आसपासच्या माणसांना मी पाकीट सांभाळतो आहे असे वाटले असेल.

रिपोर्टवरचा आकडा होता मिलिलीटरमागे ६ दशलक्ष शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत खालची रेघ १६ दशलक्षांवर आहे. माझ्या वेळची रेघ थोडी वेगळी होती, पण मी कुठल्याही रेघेच्या खालीच होतो. शाळेत कधी नापास झालो नव्हतो, त्यामुळे मी तो कागद पस्तीस गुणांच्या हिशेबाने वाचला. परळच्या ज्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे मला पाठवले, त्यांनी तो हिशेब आधी मोडून काढला. ही उत्तीर्ण होण्याची रेघ नाही, म्हणाले. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांची ही पाहणी, आणि त्यांच्यातल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची ही सीमा. रेघेखालचे बाप होतात आणि रेघेवरच्यांनाही अडचणी येतात. मग त्यांनी विचारले, गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का? आला होता; पावसाळ्यात मलेरिया झाला होता. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास वेळ लागतो, म्हणून आजच्या रिपोर्टमध्ये गेल्या ऋतूतला ताप दिसतो, आणि एका रिपोर्टवर कधीच निकाल लावायचा नसतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसता का, तंबाखू, दारू, जिममध्ये कोणी ताकदीची इंजेक्शने दिली का, हेही त्यांनी विचारले. शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतले की मेंदूला वाटते आत भरपूर आहे, आणि तो वृषणांना काम बंद करायला सांगतो, हे मला ठाऊक नव्हते. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेले इंजेक्शन शुक्राणूंची संख्या शून्यावर आणू शकते.

मग त्यांनी मला उभे केले आणि शौचाला करतो तसा जोर करायला सांगितला. “हे बघा,” ते म्हणाले, आणि माझाच हात धरून डावीकडे लावला. पिशवीत गांडुळे भरल्यासारखे काहीतरी बोटांखाली सरकले. त्याला व्हेरिकोसील म्हणतात. वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, रक्त तिथेच साचते आणि उष्णता वाढते. वृषण शरीराच्या बाहेर लोंबतात तेच मुळी शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहण्यासाठी. हे बहुधा डावीकडेच होते, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि तिला चढ जास्त पडतो. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना हे असते आणि त्यांतल्या बहुतेकांचे काही अडत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये चर्चगेटपासून उभा राहून आलो की डावीकडे ओढल्यासारखे जड वाटायचे आणि घरी आडवा झालो की थांबायचे, हे मला कॉलेजपासून ठाऊक होते. दहा-बारा वर्षे मी ते कोणालाही सांगितले नव्हते. ती सगळी तपासणी चार मिनिटांत आटोपली.

शस्त्रक्रिया झाली, तीन-तीन महिन्यांनी रिपोर्ट काढले, आकडे हळूहळू चढले. नाहीच जमले तर पुढचा मार्ग डॉक्टरांनी सांगून ठेवला होता. एकेक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र १९९२ पासून उपलब्ध आहे, आणि त्यांच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या देखरेखीखाली १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मलेली होती. आमच्यावर ती वेळ आली नाही. २०१२ मध्ये मुलगा झाला. शस्त्रक्रियेमुळेच झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. बायको एकदाच म्हणाली, बाळ झोपल्यावर, कपड्यांच्या घड्या घालता घालता: “दोन वर्षं सगळ्यांनी माझ्याच पोटाचे फोटो काढले. तू एक डबी नेली नाहीस.” मी घड्या घालायला लागलो. दुसरे काय करता येण्यासारखे होते?

बाळाला तेल लावायला एक बाई येत, मूळच्या सिंधुदुर्गाच्या. पहिल्याच दिवशी पाय लांब करून, बाळाला नडगीवर घेऊन त्यांनी ओंजळभर खोबरेल चोळले आणि आईला मोठ्याने सांगितले, “गोट्या दोन्ही उतरल्यात हां झिलाच्या. बघून घेतलंय मी.” घरात पाच-सहा पाहुणे होते. कोणी मान खाली घातली नाही. आई म्हणाली, “बरं झालं बाई.” मी नंतर बालरोगतज्ज्ञांना विचारले तेव्हा कळले की ही अगदी खरी तपासणी आहे. काही मुलांमध्ये एखादा वृषण जन्मताना पोटातच अडकलेला असतो, सहा महिन्यांपर्यंत तो आपोआप उतरण्याची वाट पाहतात, नाही उतरला तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करतात, कारण वर अडकलेला वृषण तापून खराब होतो आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोकाही वाढतो. त्या बाईंच्या तेलकट अंगठ्याला हे सगळे न वाचता ठाऊक होते. पुरुषाच्या आयुष्यातले पहिले एक वर्ष अख्खे घर त्या भागाबद्दल बोलत असते. मग चड्डी येते आणि पुढची सत्तर वर्षे कोणीच बोलत नाही.

बोलत नाही म्हणजे, एका ठिकाणी बोलतात. लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर चिकटवलेल्या त्या पिवळ्या कागदांवर ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘शीघ्रपतन’, ‘नामर्दी’ हे शब्द ठळक अक्षरांत, खाली मोबाइल नंबरासह छापलेले असतात. जे शब्द घरात, शाळेत, दवाखान्यात कोणी उच्चारत नाही ते सगळे भोंदूंनी आपल्या नावावर करून घेतले आहेत, आणि घाबरलेला मुलगा जिथे शब्द दिसतो तिथेच जातो. ही स्थिती या शहराला शोभत नाही, कारण हे र. धों. कर्व्यांचे शहर आहे. १९२१ साली त्यांनी इथे संततिनियमनाचे केंद्र काढले, विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी त्यापायी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे ऐंशी वर्षांनी डॉ. महिंदर वत्स याच शहरातल्या इंग्रजी वर्तमानपत्रात, नव्वदी ओलांडल्यावरही, तशाच प्रश्नांना खट्याळ उत्तरे देत होते. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, वीर्य गेल्याने रक्त कमी होते का, हे प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते आणि अजूनही विचारतात. नाही, येत नाही. नाही, होत नाही.

साखरेचा रिपोर्ट संध्याकाळी आला. काठावरचा होता. तो घेऊन मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. त्यांनी रक्तदाब घेतला आणि पट्टा सोडवत सहज विचारले, “बाकी सगळं ठीक ना? रात्रीचं वगैरे?” आणि सकाळच्या त्या तरुणाला मनातल्या मनात भाषा शिकवणारा मी म्हणालो, “हो... म्हणजे ते थोडं... तसं...”

ते हसले नाहीत. “ताठरता राहत नाही? केव्हापासून? पहाटे येते का?” असे त्यांनी सर्दी-खोकल्याच्या सुरात विचारले. पहाटे आपोआप येत असेल तर कारण बरेचदा मनाचे असते, तीही कमी झाली असेल तर रक्तवाहिन्या, साखर, संप्रेरके पाहावी लागतात. एखादवेळी न जमणे हा आजार नाही. पण महिनेच्या महिने तसेच चालले तर त्याकडे वयाचा दोष म्हणून पाहू नका, असे ते म्हणाले. तिथल्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या तीन-चार. आतून गंज धरायला लागला की बारीक नळी आधी तुंबते, आणि म्हणून ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी येते. त्यांनी ईसीजी लिहिला, कोलेस्टेरॉल लिहिले, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी लिहिली. मग चष्म्यावरून बघत विचारले, “स्वतःहून कुठली गोळी नाही ना घेतलीत? हृदयाच्या नायट्रेटच्या औषधांबरोबर ती जीवघेणी ठरू शकते.” मी नाही म्हणालो. खरेच घेतली नव्हती. घेणार मात्र होतो. केमिस्टच्या दुकानासमोरून दोनदा जाऊन परत आलो होतो, दुकानात शेजारच्या विंगमधल्या बाई होत्या म्हणून.

हा गप्प बसण्याचा वारसा मला माझ्या वडिलांकडून, अण्णांकडून आला असावा. ते रात्री पाच-पाच वेळा उठत. चाळीतला सार्वजनिक संडास गॅलरीच्या टोकाला, आणि अण्णांच्या स्लिपरचा आवाज अख्ख्या मजल्याला पाठ होता. धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागत होता, झाल्यावरही थेंब थेंब राहत होते. हे सगळे त्यांनी नंतर सांगितले. २०१५ च्या गणपतीत त्यांना सर्दी झाली म्हणून दुकानातून एक गोळी आणून दिली, आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी सकाळपासून त्यांना लघवी झाली नाही. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल तर सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवीचे दार पुरतेच बंद होऊ शकते, हे मला कुठे माहीत होते? दुपारी चारला अण्णांनी पोट धरले. गिरगावातले सगळे रस्ते मिरवणुकांनी भरलेले, गुलाल, ढोल, आणि रुग्णवाहिकेच्या पुढे पळत पोरे वाट करून देत होती. इस्पितळात नळी घातली आणि जवळजवळ लिटरभर लघवी पिशवीत आली. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “अरे, स्वर्ग म्हणतात तो हाच.” तपासणीत वाढ साधी निघाली, कर्करोग नव्हता. पण दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, आणि सुरुवातीच्या कर्करोगाला तर कधी लक्षणच नसते, म्हणून पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे असे त्यांच्या सर्जनने मला बजावले. अण्णांना मी विचारले, इतकी वर्षे बोलला का नाहीत? ते म्हणाले, “सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं की. आणखी काय सांगायचं?”

मुलगा आता तेरा वर्षांचा झाला, मी त्या रात्री गॅलरीत होतो तेवढा. साखरेच्या त्या दिवसानंतर आठवड्याभराने मी धीर करून त्याच्याशी बोललो. घरी जमले नाही. आरे कॉलनीच्या रस्त्याला स्कूटरवर, तो मागे बसलेला असताना जमले, कारण चेहरे दिसत नव्हते. वृषण हा शब्द मी हेल्मेटमधून तीनदा उच्चारला. दोन असतात, एक थोडा खाली असतो, ते ठीक. अचानक जोरात दुखले तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मला उठवायचे आणि नाव घेऊन सांगायचे, पोट म्हणायचे नाही. बॉल लागला तर कळ येणारच, पण ती तासाभरात ओसरायला हवी. नाही ओसरली, सूज आली, उलटी झाली, तर लगेच निघायचे. मोठा झालास की महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर अंगठा आणि बोटांमध्ये हलके फिरवून बघायचे. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखे लागते ते मूळचेच. पण वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही. न दुखणारीच जास्त काळजीची. तरुणांमध्ये, पंधरा ते पस्तीस या वयात, हा कर्करोग होतो, आणि लवकर सापडला तर बहुतेक सगळे बरे होतात. बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “बाबा, सिग्नल हिरवा झालाय.”

मला वाटले, वाया गेले.

परवा रविवारी सोसायटीच्या आवारात मुलांचे क्रिकेट चालले होते. मी खाली कट्ट्यावर दोघातिघांशी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल बोलत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभ्या होत्या. मुलगा पाय फाकवून, वाकडा वाकडा चालत माझ्याकडे आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “बाबा, वृषणाला बॉल लागला. डाव्या.”

मी आधी काकूंकडे पाहिले, मग कट्ट्यावरच्यांकडे, त्यानंतर मुलाकडे.

“केव्हा लागला?” मी विचारले.

“आत्ताच. ओव्हरच्या शेवटच्या बॉलला.”

“उलटीसारखं होतंय?”

“नाही.”

काकूंनी लिफ्टचे दार धरून ठेवले होते. “अरे, फ्रीजमध्ये बर्फ आहे, पाठवते खाली,” त्या म्हणाल्या, “रुमालात गुंडाळून धर, नुसता नको,” आणि वर गेल्या. तो माझ्या शेजारी कट्ट्यावर बसला. मी घड्याळ पाहिले. सव्वासहा झाले होते. पाण्याच्या टाकीचे बोलणे पुन्हा सुरू झाले. पावणेसातला तो पुन्हा बॅटिंगला गेला.